गंजाची रेघ

लोखंडाच्या खाणीवर पोट भरणाऱ्या एका गावात केवळराम लांजेवार नावाचा माणूस राहत होता. गावाचे नाव धामणटोला. धुराच्या इंजिनांचे दिवस होते. डोंगरातून खणलेला माल खालच्या मोठ्या स्टेशनापर्यंत न्यायला खाणीच्या मालकांनी स्वतःची मालगाडी ठेवली होती. मालगाडीच्या डब्यांना तिकडे वाघिणी म्हणत. या वाघिणी तपासण्याचे काम केवळरामकडे होते.

सकाळी गाडी सुटण्याआधी तो लांब दांड्याची हातोडी घेऊन रुळाच्या कडेने चालत जाई आणि प्रत्येक चाकावर एक ठोका मारी. चाक धड असले की घंटेसारखा आवाज येई. चाकाला तडा असला की आवाज बद्द येई. तसा आवाज आला तर वाघिणीवर खडूने मोठी फुली मारायची, असा नियम होता. फुली पडली की ती वाघीण तिथल्या तिथे गाडीतून काढत, कारखान्यात नेत, आणि खराब चाक उतरवून भट्टीत टाकत. त्या फुलीपुढे मालकाचेही चालत नसे.

केवळरामला हे काम श्रावण उके याने शिकवले होते. श्रावण वयाने बराच मोठा, आता निवृत्तीला आलेला. केवळराम सुट्टीवर असला की गाडी तोच तपासत असे. "डोळा फसतो, केवळ," तो म्हणायचा. "लोखंड खोटं बोलत नाही. ते काय म्हणतं ते ऐकायचं आणि तसंच पुढं सांगायचं. आपलं काम एवढंच."

केवळरामला एक छंद होता. तो घरी लहान लहान वाघिणी बनवी. एकेक वाघीण वीतभर लांब. सागाच्या ढलप्यांच्या फळ्या, बिस्किटांच्या डब्याचा पत्रा, छत्रीच्या काड्यांच्या दांड्या. ओसरीवर त्याने चिमुकले रूळ मांडले होते आणि त्यांवरून त्याची मालगाडी फिरे. त्याला मूलबाळ नव्हते. त्याची बायको यशोदा त्याला रंग खलून देई, सांध्यावर डिंक वाळेपर्यंत दोन बोटांनी फळ्या दाबून धरी. सणावाराला गावातले लोक ती गाडी बघायला येत.

एकदा खाण बघायला नागपूरहून होरमसजी नावाचे एक म्हातारे इंजिनियर आले. त्यांच्या बंगल्यात अशीच एक लहान आगगाडी होती, आणि दरवर्षी नागपुरात भरणाऱ्या नमुन्यांच्या प्रदर्शनाचे ते परीक्षक होते. मालकांनी त्यांना केवळरामच्या ओसरीवर आणले. होरमसजींनी एक वाघीण तळहातावर घेतली, उलटीसुलटी केली, आणि परत रुळावर ठेवली.

"हात चांगला आहे तुमचा," ते म्हणाले. "माप बरोबर, जोड बरोबर. पण ही वाघीण कधी कुठं गेलेली वाटत नाही. हिनं ओझं वाहिलेलं नाही, ऊन खाल्लेलं नाही. खेळणं आहे हे."

त्यांनी हे वाईट हेतूने म्हटले नव्हते. पण केवळरामला त्या दिवशी जेवण गेले नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो खऱ्या वाघिणींकडे वेगळ्या नजरेने पाहू लागला. खोरी आपटून आपटून फळ्यांच्या वरच्या कडा कशा झिजतात ते त्याने पाहिले. खिळ्यांच्या डोक्यांखालून गंजाचे ओघळ कसे उतरतात, ब्रेकजवळ काळी धूळ कशी साचते, साखळीची कडी घासून घासून एकाच जागी कशी चकचकीत होते, हे सगळे त्याने पाहिले. मग घरी येऊन तो ते आपल्या वाघिणींवर उतरवू लागला. जाड दांड्या काढून त्याने बारीक तारेच्या बसवल्या. चहाच्या पाण्यात फळ्या भिजवून उन्हात वाळवल्या. राख, काजळी आणि गंजाची पूड वस्त्रगाळ करून कुंचल्याने चढवली. खालच्या बाजूला शिशाचे तुकडे बसवले, म्हणजे वाघीण रुळावर जडपणाने चालावी. मालगाडीचा गार्ड दौलत मेश्राम त्याचा दोस्त होता. दौलत रुमालात बांधून खाणीतली लाल माती आणून देई. "घ्या केवळभाऊ, तुमच्या वाघिणींचं कुंकू," असे म्हणून तो मोठ्याने हसे.

वाघिणी बदलल्या. पाहणारे आता गप्प होऊन पाहू लागले. प्रदर्शनासाठी केवळरामने त्यांतली एक निवडली. पण चाके त्याच्या मनासारखी होईनात. कितीही रंग चढवला तरी ती नवीनच वाटत.

अशात एका सकाळी हातोडीचा ठोका बद्द पडला.

गाडीच्या मध्यावरची जुनी वाघीण होती ती. केवळराम खाली वाकला. चाकाच्या कडेपासून आत एक भेग गेली होती, केसाएवढी. रात्रीच्या दवाने तिच्यातून गंज पाझरला होता. तिरपे ऊन चाकावर पडले होते. काळ्या लोखंडावर ती एकच रेघ होती. वर नारिंगी, खाली उतरता उतरता तपकिरी, आणि शेवटी जवळजवळ जांभळी. इतकी वर्षे तो चाके पाहत होता, पण असे काही त्याने पाहिले नव्हते. हेच आपल्याला हवे होते, असे त्याला वाटले.

त्याने खिशातून खडू काढला. फुली मारली की तासाभरात वाघीण जाणार, चाक भट्टीत जाणार, आणि ही रेघ पुन्हा दिसणार नाही. रंग नुसता लक्षात ठेवून जमत नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक होते. चाक जुने आहे, भेग बारीक आहे, गाडी उतारावर सावकाश जाते, असे त्याने स्वतःला सांगितले. उद्या सकाळी पुन्हा एकदा नीट पाहू आणि मग फुली मारू. त्याने खडू खिशात टाकला आणि पुढच्या चाकावर ठोका मारला.

गाडी गेली आणि सुखरूप परत आली.

दुसऱ्या दिवशी तो लहान चाक खिशात घालून गेला. खऱ्या चाकाशेजारी धरून त्याने रंग पडताळला. जमला नव्हता. म्हणून आणखी एक दिवस. मग आणखी एक. आधी फुली न मारल्याची त्याला भीती वाटे. गाडी रोज परत येऊ लागली तशी ती भीती विरत गेली. त्या दिवसांत त्याने एकही सुट्टी घेतली नाही. सुट्टी घेतली असती तर श्रावण आला असता. यशोदेला वाटले, नवरा प्रदर्शनाच्या रजेसाठी दिवस साठवतो आहे.

एका रविवारी दुपारी त्याने ती रेघ अखेर चाकावर ओढली. कुंचल्याला त्याने खारीच्या शेपटीचा एकच केस बांधला होता. यशोदा अंगणात आरसा घेऊन उभी राहिली आणि उन्हाचा कवडसा चाकावर धरला.

"ही काय हो रेघ?" तिने विचारले.

"भेग आहे."

"खरी असती तर?"

"खरी असती तर चाक केव्हाच भट्टीत गेलं असतं," तो म्हणाला. त्याचा हात जरासुद्धा हलला नाही.

पुढच्या आठवड्यात खरी भेग पाव बोट वाढली. केवळरामने घरी येऊन आपल्या चाकावरची रेघही तेवढीच वाढवली. ती आता अधिकच हुबेहूब दिसू लागली, आणि त्याला समाधान वाटले. ज्या माणसाच्या अंगावर काटा यायला हवा होता, त्याला समाधान वाटले.

प्रदर्शनाला निघायचा दिवस आला. सकाळी श्रावण काम ताब्यात घ्यायला यार्डात आला. दोघे मिळून गाडीच्या कडेने चालले. श्रावणने हातोडी घेतली होती. त्या चाकापाशी येताच तो थांबला. त्याने पुन्हा ठोका मारला.

"केवळ, हा आवाज बद्द येतो."

केवळरामने मनात चटकन हिशेब केला. आता फुली मारली तर कारखान्यात चाक उतरवतील. भेग जुनी आहे, आतपर्यंत गंजली आहे, हे तिथे पहिल्या नजरेत दिसेल. मग विचारतील, इतके दिवस तू काय तपासत होतास? आधी त्याने त्या रेघेच्या मोहाने तोंड मिटले होते. आता भीतीने मिटले.

"कुठं बद्द?" तो म्हणाला. "मी रोज वाजवतो ते चाक. तुमचे कान थकले, श्रावणदादा."

श्रावणने खाली वाकून पाहिले. भेगेवर खाणीचा लाल चिखल बसला होता. त्याने तिसऱ्यांदा ठोका मारला आणि मान तिरपी करून ऐकले. मग तो ओशाळून हसला.

"असेल बुवा," तो म्हणाला. "वय झालं."

नागपूरची गाडी पकडायला केवळरामला मोठ्या स्टेशनापर्यंत जायचे होते. दौलतने त्याला आपल्या गार्डाच्या डब्यात घेतले. मांडीवर लहान वाघिणीची पेटी धरून केवळराम बसला. रुळाच्या प्रत्येक सांध्यावर धडका बसत होत्या आणि प्रत्येक धडक त्याला छातीत लागत होती. नदीच्या पुलाआधी एक मोठे वळण होते. तिथे त्याने पेटी दोन्ही हातांनी आवळली.

दौलतने ते पाहिले. "पेटीला धक्का लागेल म्हणून भिता काय?" असे म्हणून त्याने बाहेर वाकून इंजिनाकडे निशाण हलवले. गाडी सावकाश झाली आणि हळूहळू पुलावरून गेली. "तुमच्या वाघिणीसाठी अख्खी गाडी हळू घेतली, केवळभाऊ. बक्षीस घेऊनच या. माझ्या पोरी वाट पाहतात, वाघीण नागपूर जिंकून येते काय म्हणून."

केवळरामच्या ओठांवर शब्द आले होते. डब्यात दोघांशिवाय कोणी नव्हते. दौलतला नुसते एवढे सांगितले असते की मधल्या वाघिणीचे चाक बघून घे, तरी काम झाले असते. पण पूल मागे पडला, स्टेशन आले, आणि दौलतने त्याची पिशवी खाली उतरवून दिली. परत आलो की पहिल्या सकाळी मीच फुली मारीन, असे केवळरामने ठरवले. रजेवर निघताना तपासले तेव्हा काही नव्हते, असे सांगता येईल.

प्रदर्शनात त्याच्या वाघिणीभोवती गर्दी जमली. लोकांना ती छायाचित्रातून उचलून आणल्यासारखी वाटली. होरमसजी भिंग घेऊन आले. ते बराच वेळ वाकून पाहत होते. मग सरळ उभे राहिले तेव्हा त्यांचा चेहरा गंभीर होता.

"हे चाक," ते म्हणाले. "हा तडा. असं चाक तुमच्याकडं धावतंय?"

"नाही साहेब."

"मग पाहिलंत कुठं? हे पाहिल्याशिवाय कोणाला काढता येणार नाही."

"मनानं काढलं, साहेब."

होरमसजींनी त्याच्याकडे क्षणभर पाहिले. "मनानं काढलं असेल तर फारच छान," ते म्हणाले. "मी घाबरलो होतो."

पहिले बक्षीस केवळरामला मिळाले. चांदीचा पेला होता. टाळ्या झाल्या, हारतुरे झाले, कुणीतरी त्याचे छायाचित्र काढले.

तो परत मोठ्या स्टेशनावर उतरला तेव्हा धामणटोल्याला जाणारी गाडी नव्हती. फलाटावरच्या हमालाने सांगितले की लाईन बंद आहे. काल सकाळी पुलाआधीच्या वळणावर मालगाडी पडली. मधल्या एका वाघिणीचे चाक फुटले, ती आडवी झाली, आणि मागच्या सगळ्या वाघिणी एकमेकींवर चढून नदीत गेल्या. सर्वांत शेवटी गार्डाचा डबा होता.

"आणि गार्ड?" केवळरामने विचारले.

हमालाने मान हलवली.

केवळराम रुळांवरून चालत गावी निघाला. वळणावर पोहोचला तेव्हा गावातले सगळे लोक नदीकाठी उभे होते. माणसे लोखंडाखालून दौलतला काढत होती. आदल्या दिवसापासून काढत होती. दौलतची बायको गिरजा काठावर बसली होती. तिच्या दोन मुली तिच्या दोन्ही बाजूंना होत्या. मोठीने केवळरामच्या हातातली पेटी पाहिली.

चौकशी झाली. फुटलेल्या चाकाचे तुकडे डोहात खोल गेले होते, ते मिळाले नाहीत. गाडी त्या सकाळी श्रावणने तपासली होती, म्हणून श्रावणला उभे केले. म्हाताऱ्याने एकही गोष्ट लपवली नाही. चाकाचा आवाज आपल्याला बद्द वाटला होता, पण केवळरामला तो ठीक वाटला, आणि आपल्या कानांवर आपला भरवसा राहिला नव्हता, म्हणून आपण फुली मारली नाही, असे त्याने सांगितले. मग अधिकाऱ्यांनी केवळरामला बोलावले.

"तुम्ही रजेवर गेलात तेव्हा ते चाक कसं होतं?"

श्रावण समोरच्या बाकावर बसला होता. तो केवळरामकडे आशेने पाहत नव्हता. नुसता पाहत होता.

"चांगलं होतं," केवळराम म्हणाला.

ठरले. भेग रजेच्या दिवसांत पडली आणि श्रावणने ती ओळखली नाही. त्याला कामावरून काढून टाकले. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. घरी जाता जाता तो केवळरामपाशी थांबला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू सांगितलंस ते खरं होतं," तो म्हणाला. "कान थकले माझे. मी त्याच दिवशी हातोडी खाली ठेवायला हवी होती. दौलत माझ्यामुळं गेला, केवळ."

केवळराम खाली मान घालून उभा राहिला. लोकांना वाटले, त्याला गुरूची कीव येते आहे.

त्या संध्याकाळी यशोदेने त्याला ताट वाढले आणि ती समोर बसली. बक्षिसाची वाघीण फळीवर ठेवली होती. तिकडे बोट दाखवून ती म्हणाली, "ही रेघ तुम्ही मनानं काढलीत?"

तो ताटातला भात कालवत राहिला.

"तुम्ही रोज चाक खिशात घालून यार्डात जात होता. रेघ वाढवलीत, तेही मी पाहिलं. मी आरसा धरला होता."

"यशोदे, हळू बोल."

"श्रावणभाऊजी समजतात, त्यांनी माणूस मारला. जा आणि सांगा त्यांना."

"मला तुरुंगात टाकतील."

"त्यांना तुरुंगात टाकलंच आहे तुम्ही. घर तेवढं त्यांचं आहे."

केवळराम रडू लागला. त्याने हात जोडले. लोकांचा राग ताजा आहे, म्हणाला. दौलतचे दिवसकार्य होऊ दे. पावसाळा संपू दे. मग मी स्वतः जाईन आणि सांगेन. यशोदा उठून आत गेली. बाहेर जाऊन ती बोलू शकली असती. पण नवरा होता, ती बोलली नाही. त्या दिवसापासून तिला नीट झोप लागली नाही. केवळरामने एकदा चाकू घेऊन त्या लहान चाकावरची रेघ खरवडली. रंग निघाला, पण खरवडल्याची खूण राहिली.

इकडे गावाने श्रावणला टाकले. कोणी त्याला शिवी दिली नाही. पण तो पारावर येऊन बसला की लोकांना कामे आठवत. गिरजाच्या मुली त्याला पाहून वाट बदलत. तो दिवसभर घरात बसून राही. कधी बायकोला म्हणे, "सगुणे, ती वाटी वाजव." ती वाटीवर चमचा मारी. "कसा आला आवाज?" तो विचारी. "चांगला आला," ती म्हणे. तो मान हलवी. "मला बद्द आला. मला आता सगळं बद्द येतं." हळूहळू त्याने जेवण सोडले. मग बोलणे सोडले.

केवळराम दोनदा त्याच्या दारापर्यंत गेला. पहिल्यांदा आत पाहुणे होते. दुसऱ्यांदा आत कोणी नव्हते. श्रावण भिंतीकडे तोंड करून पडला होता. केवळराम उंबऱ्यात उभा राहिला. "दादा," त्याने हाक मारली. श्रावणने वळून पाहिले आणि उठून बसायचा प्रयत्न केला. "ये," तो म्हणाला. "तू एकटाच येतोस बाबा माझ्याकडं." हे ऐकल्यावर केवळरामला तोंड उघडवेना. तो थोडा वेळ त्याचे पाय चेपत बसला. उद्या सांगू, असे म्हणून उठला.

पावसाळा संपण्याआधीच श्रावण गेला. त्याला कोणता रोग नव्हता. वैद्यानेही तेच सांगितले.

त्याला पोचवून केवळराम स्मशानातून निघाला तो घरी गेला नाही. ओल्या कपड्यांनी तो खाणीच्या कचेरीत गेला आणि अधिकाऱ्यांपुढे त्याने सगळे सांगितले. भेग केव्हा पाहिली, फुली का मारली नाही, श्रावणला काय म्हणालो, चौकशीत काय म्हणालो, सगळे. अधिकाऱ्यांना आधी ते खरे वाटेना. मग त्यांनी पुन्हा चौकशी लावली, आणि पुढे केवळरामला शिक्षाही झाली. पण त्या दिवशी त्यांनी एवढेच केले की श्रावण उके निर्दोष आहे, असे मान्य केले.

तेवढे घेऊन तो सगुणेच्या घरी गेला. अंगणात बायका बसल्या होत्या. इतके महिने त्या घराकडे न फिरकलेली गिरजाही आली होती. तिच्या शेजारी यशोदा होती. केवळराम सगुणेपुढे जमिनीवर बसला आणि त्याने तेच सगळे पुन्हा सांगितले. सांगताना त्याने कुठेही स्वतःला सावरून घेतले नाही. शेवटी म्हणाला, "वहिनी, दादांचा काही दोष नव्हता. कचेरीत तसं मान्य केलं आहे. त्यांच्या नावावरचा डाग गेला."

गिरजा उठली. ती केवळरामला मारील असे बायकांना वाटले. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तुमच्या खेळण्याला धक्का लागू नये म्हणून त्यांनी गाडी हळू घेतली होती. घरी येऊन कौतुकानं सांगत होते." एवढे बोलून ती मुलींना घेऊन निघून गेली.

सगुणेने केवळरामकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते.

"मला हे कशाला सांगता?" ती म्हणाली. "मला ठाऊक होतं. चुलीवर दूध उतू जायला लागलं तर अंगणात बसून त्यांना ऐकू यायचं. त्यांचे कान शेवटपर्यंत धड होते. मी रोज सांगत होते त्यांना. त्यांना ते खरं वाटत नव्हतं, कारण तुम्ही उलट सांगितलं होतं आणि तुमच्यावर त्यांचा विश्वास होता." ती थांबली. "तुमचं हे बोलणं एका माणसाला हवं होतं. त्याला तुम्ही सकाळी जाळून आलात."

यशोदेने केवळरामला धरून उठवले आणि घरी नेले.

तात्पर्य: दोष हुबेहूब दिसणे ही नजर झाली, तो वेळेवर सांगणे हे माणसाचे काम, आणि जो खरे बोलणे उद्यावर ढकलतो, त्याला एक दिवस बोलायचे धैर्य येते, पण ज्याला ते ऐकायचे होते तो तोवर उरलेला नसतो.